सात महिन्यांची नोकरी

आजच्या तरुणांना पोटापुरते कमावणे अवघड झाले आहे काय, हा प्रश्न माझ्या वयाच्या मंडळींत निघाला की उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. आम्ही अनवाणी शाळेत गेलो, एका धोतराचे दोन तुकडे करून नेसलो, आणि आताच्या पोरांच्या हातात पगाराहून महाग मोबाइल असतो, तेव्हा तक्रारीला जागाच कुठे आहे, असा एकूण सूर लागतो. तरुणांमध्ये हाच विषय निघाला तर ऐकू येते ते याच्या नेमके उलट, की तुम्हाला नोकऱ्या घरी चालत आल्या आणि घरे कवडीमोलाने मिळाली. मी आधी पिंपरी-चिंचवड आणि मग चाकण परिसरातील कारखान्यांच्या टाइम ऑफिसमध्ये सगळी नोकरी काढली. हजेरीपत्रक, ओव्हरटाइमचा हिशेब, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीची विवरणपत्रे हे माझे काम. त्यामुळे या प्रश्नाकडे पाहण्याची माझी खिडकी पगाराच्या चिठ्ठीची आहे, आणि तिथून जे दिसते ते दोन्ही बाजूंना फारसे आवडणारे नाही.

आधी पोटाविषयी. आमचे गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातले, म्हणजे पावसाने कायम वळसा घातलेल्या पट्ट्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी यांवर घर चालले. मिलोच्या भाकरीविषयी कुणी आज हळवे होऊन बोलू लागला तर त्याने ती खाल्लेली नाही असे खुशाल समजावे. त्या काळच्या मजुराला उद्याच्या जेवणाची काळजी होती, आणि ती शब्दशः होती. आज त्याच गावात शिधापत्रिकेवरचे धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे हक्काचे झाले आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. उपजीविका म्हणजे केवळ दोन वेळचे जेवण असे धरले, तर आजचा तरुण आमच्याहून बऱ्या स्थितीत आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मात्र त्याच गावात केवळ शेतीवर चालणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहिती क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले, आणि माणसारख्या कोरडवाहू भागात सव्वातीन एकर म्हणजे दोन माणसांचेही वर्षभराचे काम नव्हे. पूर्वीचा तरुण शहरात अपयशी ठरला तर परत जाऊन शेतात राबू शकत असे. आजच्याला परतीची ती वाट जवळजवळ बंद आहे, त्यामुळे शहरात जे मिळेल ते तो घेतो, आणि घेणाऱ्याची ही निकड देणाऱ्याला चांगली ठाऊक असते.

दुष्काळानंतर माझे थोरले बंधू आयटीआयचा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पिंपरीला आले. अप्रेंटिसशिप झाली, प्रोबेशन झाले आणि ते पर्मनंट झाले. त्यांच्यात विशेष काही होते असे त्यांनाही कधी वाटले नाही. त्यांच्याबरोबरच्या बहुतेकांचे असेच झाले. पहिला पगार अगदी किरकोळ होता, परंतु महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला होता, युनियन ठरावीक वर्षांनी वेतनकरार करीत असे, दर वर्षी वेतनवाढ होती, कॅन्टीनमध्ये नाममात्र दरात जेवण होते आणि घरापासून कंपनीची बस होती. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले ते मुळात या कामगारांच्या निवाऱ्यासाठी, आणि त्याच्या एका पेठेतला छोटा भूखंड बंधूंना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. भविष्य निर्वाह निधीतून उचल आणि कामगारांच्या पतपेढीचे कर्ज एवढ्यावर त्यांनी आधी दोन खोल्या बांधल्या आणि मग हळूहळू वर मजला चढवला. पतपेढीने त्यांना कर्ज दिले ते त्यांचा पगार पाहून नव्हे, कारण पगार फारसा नव्हताच; तो पगार पुढची तीस वर्षे येत राहणार आहे, हे पतपेढीला माहीत होते म्हणून.

अर्थात सगळ्यांचे असे झाले नाही. संघटित कारखान्यात पर्मनंट होणारा कामगार त्या काळीही एकूण कष्टकऱ्यांत अल्पसंख्यच होता. ज्याचा मामा किंवा गाववाला आत आहे त्याला चिकटवले जाई. ज्या वस्तीची आत कुणाशी ओळख नाही, तिथल्या मुलाची चिठ्ठी गेटवरच राही. बायकांना तर या हिशेबात कुणी धरलेच नव्हते. आणि मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जे केले, ते पाहता ‘जुन्या काळी नोकरी म्हणजे नोकरी होती’ हे वाक्य लालबाग-परळमध्ये उच्चारण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही एक फरक राहतोच. त्या वेळी कारखान्यात शिरणे कठीण होते, पण आत शिरल्यावर माणूस वर्षागणिक पुढे सरकत असे. आता आत शिरणे सोपे आहे. चाकणमध्ये सकाळी बसमधून उतरलेला मुलगा संध्याकाळच्या शिफ्टला मशिनवर उभा राहू शकतो. पुढे सरकणे मात्र थांबले आहे, आणि ते का थांबले हे सांगायचे तर एका आकड्याविषयी बोलावे लागेल. तो आकडा २४०.

माझ्या नोकरीच्या काळात महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत, अशी तरतूद होती, की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवसांची अखंड सेवा केली तर त्याला कायम करावे. तरतूद कामगाराच्या भल्याची, आणि आरंभी तिचा उपयोग झालाही. परंतु नियम जितका नेमका, तितकी त्याच्या अलीकडे थांबण्याची जागाही नेमकी. सात महिने म्हणजे सरासरी २१० दिवस. म्हणून टेम्पररी मुलाला सात महिन्यांचे पत्र द्यायचे, मुदत संपली की ‘ब्रेक’ द्यायचा, आणि काही आठवड्यांनी गरज असेल तर नवे पत्र देऊन किंवा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचे. ही रीत एका कारखान्याची नाही, सगळ्या औद्योगिक पट्ट्याची आहे. आमच्या टाइम ऑफिसमध्ये दर महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास एक यादी निघत असे. ज्यांचे दिवस दोनशेच्या पुढे गेले आहेत त्यांची नावे वर, प्रत्येकापुढे मशिनचा क्रमांक आणि बदली माणूस कोण येणार याचा रकाना. सुपरवायझर कधी कधी येऊन म्हणत, ‘या पोराला एवढ्यात काढू नका, हात बसलाय त्याचा.’ हात बसायला साधारण सहा महिने लागतात आणि सातव्या महिन्यात माणूस जातो, यात कारखान्याचेही नुकसान आहे हे सर्वांना कळत होते. तरी यादी निघत राहिली.

पुढे तर यादीचीही गरज कमी झाली, कारण मुले कारखान्याच्या हजेरीपत्रकावरच नसतात. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील नोंदणीकृत कारखान्यांत २०००-०१ साली पाच कामगारांपैकी साधारण एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले. त्याशिवाय ट्रेनी. २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आली, तिच्यात घेतलेला मुलगा तीन वर्षांपर्यंत मशिनवर उभा राही, पण तो ‘शिकत’ असल्यामुळे त्याला कामगार म्हणायचे नाही आणि त्याचा भविष्य निर्वाह निधीही भरायचा नाही. नटबोल्ट आवळायला तीन वर्षे शिकावे लागते काय, असे मी एकदा बैठकीत विचारले होते. लोक हसले आणि पुढचा विषय निघाला. ती योजना नंतर बंद झाली, परंतु तिच्या जागी दुसऱ्या नावांनी माणसे येतच राहिली.

आता पगाराच्या एका चिठ्ठीकडे पाहू. वाशीम जिल्ह्यातला, यंत्र शाखेचा डिप्लोमा झालेला मुलगा, ठेकेदाराच्या नावावर. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,५०० रुपये, घरभाडे भत्ता ६७५, हजेरी बक्षीस आणि इतर १,८२५, एकूण १६,०००. कपात अशी: भविष्य निर्वाह निधी १,६२०, राज्य विमा १२०, व्यवसाय कर २००, कॅन्टीन ४००. हातात १३,६६०. यातला घरभाडे भत्ता पाहून हसू येईल, पण त्यात बेकायदा काहीच नाही. १९८३ च्या राज्याच्या कायद्याने कामगाराला वेतनाच्या किमान पाच टक्के घरभाडे भत्ता द्यावा असे ठरवले, आणि १३,५०० चे पाच टक्के ६७५ होतात. कायदा झाला तेव्हा पाच टक्क्यांत घर येत होते असे मी म्हणत नाही, पण निदान भाड्याचा काही भाग तरी त्यातून निघत होता. आज चाकणजवळच्या खराबवाडीत किंवा म्हाळुंग्यात चौघांनी मिळून घेतलेल्या पत्र्याच्या खोलीत या मुलाच्या वाट्याला विजेसह २,२०० रुपये येतात. खानावळीचा दोन वेळचा डबा ३,२००, शेअर रिक्षा ९००, मोबाइल ३००, घरी पाठवायचे ४,०००. म्हणजे १०,६०० गेले आणि ३,०६० उरले. ना सिनेमा, ना आजारपण, ना दिवाळीचे कपडे.

सात महिने याच शिस्तीत काढले तर शिल्लक २१ हजारांच्या थोडी वर जाते. मग ब्रेक येतो. खोली सोडता येत नाही, कारण पुन्हा मिळणार नाही. डबा बंद करता येत नाही. घरी पाठवायचे पैसे थांबवले तर घरी कळते. एक महिना रिकामा गेला की निम्मी शिल्लक संपते, आणि दोन महिने गेले की २१,२०० रुपये खर्च होऊन हिशेब जवळपास शून्यावर येतो. नव्या ठिकाणी सुरुवात पुन्हा त्याच १६ हजारांवर, कारण मागच्या ठिकाणचा अनुभव हा कागदावर अनुभव नसतोच. आमचे बंधू दहा वर्षांनी दहा वर्षांचे कामगार झाले होते. हा मुलगा दहा वर्षांनीही सात महिन्यांचाच कामगार असेल, असे मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. तिशी उलटलेली अशी माणसे मी त्याच गेटवर पाहिली आहेत. फरक एवढाच, की तोवर पंचविशीच्या आतलेच हवेत असे ठेकेदार सांगू लागलेला असतो.

‘आजची पोरे कष्टाला नको म्हणतात’ या आरोपाचे उत्तर याच चिठ्ठीच्या तळाशी, ओव्हरटाइमच्या रकान्यात असते. वरची ३,०६० ची शिल्लक पुरत नाही म्हणून मुले बारा-बारा तास मागून घेतात. ओव्हरटाइमचा दर कायद्यानुसार दुप्पट आहे. ठेकेदाराकडे तो पुष्कळदा एकपट मिळतो आणि मुले तेही घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्यास मान्यता दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. चाकणच्या मुलांना त्यात नवीन काही वाटले नाही, कारण ती आधीच तितके तास उभी होती. माझ्या बंधूंनी नोकरीभर जेवढा ओव्हरटाइम केला नसेल तेवढा ही मुले दोन-तीन वर्षांत करतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तिसऱ्या शिफ्टच्या सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहून ते चेहरे पाहावेत.

शिक्षण घ्या म्हणजे सुटका होईल, हे आम्हीच त्यांना सांगितले होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालात असे दिसते, की बेकारांमधील शिकलेल्या तरुणांचे प्रमाण २००० साली ५४.२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ६५.७ टक्के झाले. बंधूंनी ज्या कामासाठी आयटीआय केले, त्या कामासाठी आता डिप्लोमा झालेला मुलगा रांगेत असतो आणि त्याच्यामागे अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. पदवीसाठी बापाने एखादा तुकडा विकलेला असतो किंवा कर्ज काढलेले असते. म्हणजे पूर्वी जिथे माणूस अठराव्या-विसाव्या वर्षी जवळजवळ विनाखर्च पोहोचत असे, तिथे पोहोचायला आता पाच वर्षे जास्त आणि काही लाख रुपये लागतात, आणि पोहोचल्यावर हाती ते सात महिन्यांचे पत्र येते.

मग सगळा ओढा सरकारी नोकरीकडे जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि खुल्या वर्गाचे परीक्षा शुल्क एक हजार रुपये होते. पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत तिशीपर्यंत बसून राहणाऱ्या मुलांची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु बाहेर काय आहे ते त्यांनी मोठ्या भावाच्या अनुभवातून पाहिलेले असते. त्यातही आता सरकारनेच कारखानदाराची रीत उचलली आहे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन कित्येक वर्षे सहा हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. सेट-नेट झालेली माणसे महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतात आणि सुट्टीत त्यांना पगार नसतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खासगी संस्थांमार्फत सरकारी कार्यालयांत माणसे घेण्याचा शासननिर्णय निघाला होता; विरोध झाल्यावर तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या मुलांना राजकारण कळत नाही असे काही जण म्हणाले. मला वाटते, त्यांना नेमके तेवढेच कळले होते.

लग्नाचा विषय इथे अवांतर वाटेल, पण तो नाही. मुलीचा बाप आता पगार किती हे दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो, ‘पर्मनंट आहे का?’ डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, त्याच्या चित्रफिती पाहून सगळे हसले. त्यामागे मुलींच्या घटत्या जन्मदराचे पाप आहेच, आणि ते त्या मुलांच्या आधीच्या पिढीने, म्हणजे आम्ही केलेले आहे. पण मुली कमी असल्यामुळे निवड जेव्हा मुलीच्या घराकडे आली, तेव्हा त्या घराने पहिली गाळणी कशाची लावली हे पाहण्यासारखे आहे. मुलींच्या बापांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. पतपेढी बंधूंच्या बाबतीत जे पाहत होती, तेच हे बाप पाहतात.

निवृत्तीनंतर अजूनही ओळखीची मुले माझ्याकडे येतात, ती बहुधा भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढण्यासाठी. ब्रेकमध्ये हाताशी असलेली रक्कम तेवढीच असते. त्यांना मी सांगतो, की ‘काढू नका, युएएन, म्हणजे निधीचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून नव्या खात्यात वळते करून घ्या; १९९५ च्या पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनचा हिस्सा काढलात की मागची सेवा पुसली जाते.’ मुले ऐकून घेतात. एकाने मला सरळ सांगितले, ‘काका, अठ्ठावन्नाव्या वर्षाचे तुम्ही सांगताय, मला पाच तारखेला खोलीचे भाडे द्यायचे आहे.’ पूर्वी नोकरी सुटून दोन महिने झाले की दोन्ही रकमा काढता येत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने ही मुदत अंतिम रकमेसाठी बारा महिने आणि पेन्शनच्या हिश्श्यासाठी छत्तीस महिने करण्याचा निर्णय घेतला. वयाच्या साठीकडे पाहून मला तो पटतो. मी स्वतः मुलांना इतकी वर्षे तेच सांगत आलो. निधीतील पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम बेकारीत लगेच काढता येईल अशी सोयही त्यात आहे, परंतु ज्याला वर्षातून एकदा बेकार व्हायचेच आहे, त्याची उरलेली रक्कम आणि पेन्शनचा हिस्सा अडकून राहतो. मुले चिडली आहेत, आणि त्यांना समजावून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.